उजव्या दंडाची पावती

कुसगिरी नगरपरिषदेने डॉक्टर ऊर्वी नलावडे हिचा उजवा दंड सोमवारी दुपारी सव्वाबाराला, बाजारतळाच्या वाहनतळावर, दोन पंचांसमक्ष जप्त करून नेला.

दंड म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात. कुसगिरीत दंड म्हटला की तोच. बाहेरगावी दंड म्हणून पैसे घेतात असं तिथले लोक ऐकून आहेत, पण पैसे घ्यायचे तर त्याला दंड का म्हणायचं, हे त्यांना कधी उमगलेलं नाही. नगरपरिषदेची दोन माणसं खाकी पिशवी घेऊन येतात, दंड सोडवून घेतात, कोपर सरळ खांद्याला बसवून देतात आणि जोडावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारतात. रक्त येत नाही. दुखत नाही. बोटं पूर्वीसारखीच हलतात. फक्त हात आखूड होतो. सोमवारी सकाळी ऊर्वीचा उजवा तळहात मांडीपर्यंत पोचत होता. सव्वाबारानंतर तो कमरेशीच संपायला लागला.

त्या तळहातात वाहनतळाची पावती होती. अकरा ते एक या वेळेची, रीतसर घेतलेली.

तिने ती पावती दोघांनाही दाखवली होती. दोघांनी ती आलटून पालटून वाचली, ठीक आहे असं म्हणून मान हलवली आणि पिशवीची चेन लावली. त्यातला वयस्कर होता तो बोलायला मऊ होता. शिक्का अजून ओला आहे, ओढणी लागू देऊ नका, एवढं सांगून तो गेला. ऊर्वी तिथेच उभी राहिली. आजूबाजूला भाजीवाले होते, गिऱ्हाइकं होती, आणि कोणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. दंड होतात हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ते नियम मोडणाऱ्यांना होतात अशी तिची समजूत होती.

घरी जाताना दुचाकीच्या मुठीपर्यंत तिचा हात पुरेना. डाव्या हाताने तोल धरून, अंग उजवीकडे कलवून, ती कशीबशी निघाली. जुन्या नाक्यापाशी सिग्नलला थांबली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले तीन-चार गाडीवालेही उजवीकडे कललेले दिसले. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. त्या रस्त्याला उतार आहे, असं तिला आजवर सांगण्यात आलेलं होतं.

ऊर्वी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात होती. पदवी घेऊन गावी परत येऊन तिला वर्ष झालं होतं, आणि हात खांद्यापर्यंत घालून गाईम्हशींची अडलेली वेतं सोडवण्यात तिचं आता आसपासच्या गावांत नाव झालं होतं. वरच्या आळीतल्या अनसूया काकूंची म्हैस, सुंद्री, त्याच आठवड्यात व्यायची होती. शनिवारी ऊर्वीने तपासलं तेव्हा रेडकू मोठं होतं आणि पोटात नीट बसलेलं नव्हतं. वेळ आली की हात घालावा लागणार, हे तिने काकूंना सांगून ठेवलं होतं. काकू एकट्या होत्या. घरात बोलायला म्हणून त्यांना ती म्हैसच होती. व्यायच्या वेळी तू हाइस नव्हं, एवढं त्यांनी तीनदा विचारलं होतं आणि ऊर्वीने तिन्ही वेळा हो म्हटलं होतं.

मंगळवारी दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती नगरपरिषदेत गेली.

दंड विभाग तळमजल्यावर, जन्म-मृत्यू नोंदणीच्या शेजारी होता. तिथले लिपिक घनवट हे पन्नाशीचे गृहस्थ होते आणि त्यांच्या टेबलावर एकही कागद वाकडा नव्हता. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पावती मागून घेतली, ती उजेडाला धरली, मग गाडीच्या कागदांशी ताडून पाहिली.

"पावती खरी आहे," ते म्हणाले. "वेळ बरोबर. गाडीचा नंबरही बरोबर."

"मग दंड कशाचा?"

घनवटांनी पावती तिच्याकडे फिरवली आणि पेन्सिलीचं टोक पहिल्या ओळीखाली धरलं. तिथे छापलं होतं, 'वाहन उभे करण्याची पावती'.

"तुमचं वाहन तिरकं होतं," घनवट म्हणाले.

ऊर्वीला आधी कळलंच नाही. मग त्यांनी पंचनामा काढून दाखवला. गाडी साइड स्टँडवर होती, डावीकडे कललेली. किती कललेली तेही पंचांनी मोजून लिहिलं होतं. उभं म्हणजे उभं, घनवटांनी समजावलं. तिरकं लावायचं असेल तर तिरक्याची पावती घ्यावी लागते, ती हिरवी असते. ऊर्वीने विचारलं, हिरवी कुठे मिळते. ती अजून छापायची आहे, घनवट म्हणाले.

तिने सांगितलं की त्या तळावरच्या सगळ्याच गाड्या साइड स्टँडवर असतात. घनवटांनी लगेच कोरा कागद पुढे ओढला आणि नंबर विचारले. ऊर्वीने एकही नंबर सांगितला नाही. मग ती म्हणाली की पैसे भरायला मी तयार आहे, काय असतील ते सांगा आणि माझा दंड परत करा. शिकलेल्या मुलीने असं बोलावं याचं घनवटांना वाईट वाटलेलं दिसलं.

"डॉक्टर, दंड पटत नसेल तर आव्हान द्या. तो तुमचा हक्क आहे. मॅडम बारा वाजता ऐकतात."

मुख्याधिकारी श्रीमती वझे वयाने फार मोठ्या नव्हत्या, पण खुर्चीने होत्या. त्यांनी ऊर्वीचा अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला आणि तो चांगला लिहिला आहे असंही म्हणाल्या. नंतर त्यांनी चष्मा काढला आणि हात टेबलावर ठेवून वाट बघायला लागल्या. ऊर्वीही वाट बघत होती. शेवटी दारात उभ्या घनवटांनी खाकरून तिला सांगितलं की आव्हान द्यायचं म्हणजे दंड थोपटायचा असतो. एकदाच, पण मोठ्याने. त्याशिवाय आव्हान दिलं असं धरता येत नाही.

ऊर्वीने क्षणभर दोघांकडे पाहिलं. मग उजवा आखूड हात छातीवरून आडवा नेऊन तिने डावा दंड थोपटला. आवाज चांगला निघाला. बाहेरच्या बाकावरच्या दोन माणसांनी आत डोकावलं.

"हा डावा," वझे मॅडम म्हणाल्या. "डाव्याबद्दल आपली काही तक्रार आहे का?"

"नाही. पण—"

"मग त्याला आव्हान कशाला देताय? मी नोंद केली तर डावाही तपासणीला घ्यावा लागेल. मी नोंद करत नाही."

ज्या दंडाबद्दल तक्रार आहे तोच थोपटावा लागतो, हे त्यांनी नियम वाचून दाखवून सांगितलं. ऊर्वी म्हणाली की तो तुमच्याच कोठारात आहे. बरोबर आहे, मॅडम म्हणाल्या. मग तो दहा मिनिटं वर मागवा, ऊर्वी म्हणाली. निकाल लागल्याशिवाय दंड कोठाराबाहेर काढता येत नाही. मग आपण खाली कोठारात जाऊ, मी तिथे थोपटते. आव्हान कार्यालयात ऐकायचं असतं, कोठार हे कार्यालय नव्हे. मॅडम हे सगळं शांतपणे, मुळीच न चिडता सांगत होत्या. एखादा माणूस आपल्याला अडवून ठेवतोय असं वाटलं असतं तर ऊर्वी भांडली असती. पण त्यांना खरोखर मदत करायची होती, आणि तेच भयंकर होतं.

एक वाट आहे, मॅडम पुढे म्हणाल्या. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा दंड थोपटला तरी चालतो. उजव्याला उजवाच हवा.

आई जाऊन ऊर्वीला सहा वर्षं झाली होती. भावंडं नव्हती. घरी फक्त आबा होते, तिचे वडील, बळवंत नलावडे, साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. आबांचा उजवा हात जन्मापासूनच आखूड होता. आपल्या घराण्यात उजवा हात जरा बेताचाच, असं तिने त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. शिंपी त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही न सांगता आखूड शिवायचा.

तिने तसं सांगितलं. घनवटांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी घनवटांकडे.

"नलावडे, बळवंत," घनवट हळूच म्हणाले. "ते आपल्याकडे आहेत. एकोणीसशे त्र्याण्णवपासून."

कोठार बघायला कोणालाही मुभा होती, फक्त हात लावायची नव्हती. घनवट किल्ल्या घेऊन पुढे चालले. आत लोखंडी मांडण्या होत्या, छतापर्यंत, आणि मांडण्यांवर आडनावांप्रमाणे लावलेले दंड. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. दर शनिवारी पावडर मारतात, त्यामुळे वास येत नाही, असं घनवटांनी सांगितलं. किती होते ते ऊर्वीने मोजलं नाही. तिला ओळखीची आडनावं दिसत होती. प्राथमिक शाळेतल्या बाई. किराणावाले. लग्नाच्या जेवणावळीत वाढताना एका हाताने वाकून वाढणारे सगळे लोक तिला आठवायला लागले.

'न'ची मांडणी खिडकीपाशी होती. तिचा दंड सगळ्यात पुढे होता, त्यावर बैलाच्या शिंगाचा जुना ओरखडा. तो तिने लगेच ओळखला. त्याच्या मागे दुसरा होता.

तो पैलवानाचा दंड होता. भरदार, घट्ट, तांबूस; वरच्या अंगाला अजून लाल मातीचा बारीक थर. तो सव्वीस वर्षांचा होता. घरी ज्यांच्या खांद्याला कोपर लागलेलं होतं ते आबा अठ्ठावन्न वर्षांचे होते, आणि त्यांच्यात आणि या दंडात काहीएक साम्य नव्हतं. आबा कधीकाळी तालमीत जायचे हे तिला माहीत होतं. नोकरी लागली आणि कंटाळा आला म्हणून सोडली, असं ते सांगायचे.

ती घरी आली तेव्हा आबा ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर तिरका धरलेला. आयुष्यभर ते तो तसाच धरत आले होते.

"आबा, त्र्याण्णव साली काय झालं?"

आबांनी तिच्या खांद्यावरचा शिक्का पाहिला. पेपर घडी घालून बाजूला ठेवला.

"सायकल भिंतीला टेकवली होती," ते म्हणाले.

"पावती होती?"

"होती की."

"मग आव्हान का नाही दिलं?"

"कशाला वाद घालायचा," आबा म्हणाले. "डावा राहिला होता की."

यावर ऊर्वी जे बोलली ते बराच वेळ बोलली. तुम्ही गप्प बसलात म्हणून त्यांची मांडणी भरत गेली, असं ती बोलली. तुम्ही सगळ्यांनी मिळून आम्हाला रस्त्याला उतार आहे असं सांगितलंत, असं बोलली. जन्मापासून आखूड म्हणालात, आईलाही तेच सांगितलंत का, असंही तिने विचारलं. ती दमली तेव्हा आबा उठले, आत जाऊन तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

"तुम्हा पोरींना सगळंच अख्खं पाहिजे," ते म्हणाले. रागाने नव्हे. त्यांना खरंच त्याचं नवल वाटत होतं.

बुधवारी सकाळी नऊ वाजता अनसूया काकूंचा फोन आला. सुंद्रीला पहाटेपासून कळा लागल्या होत्या. पाण्याची पिशवी फुटून तास झाला होता आणि दोन खुरांपुढे काही येत नव्हतं.

ऊर्वी गोठ्यात पोचली, हातमोजा चढवला, आणि उजवा हात आत घातला. खुरं लागली, घोटे लागले, आणि हात संपला. तिचा खांदा म्हशीच्या अंगाला टेकला होता आणि बोटं जिथे पोचायला हवी होती तिथून दीड वीत अलीकडे हवेतच चाचपडत होती. मग तिने डावा घातला. डावा पोचला. रेडकाची मान बरगड्यांकडे मागे वळलेली होती, म्हणून ते पुढे येत नव्हतं. पण मान डावीकडे वळलेली असल्याने डाव्या हाताची पकड उलटी पडत होती, आणि डाव्या बोटांना ही कामं कोणी कधी शिकवलेली नव्हती. नाकपुडी हाताला लागायची आणि निसटायची. चौथ्या खेपेला तिच्या बोटावर जीभ हलली. रेडकू जिवंत होतं.

तिने शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते प्रशिक्षणाला गेले होते. त्यांच्या जागेवर जे होते ते तीन तासांनी निघू शकणार होते.

"दीड तास," ऊर्वी काकूंना म्हणाली. "फार तर दोन. त्याच्या पुढे दोघंही राहणार नाहीत."

काकूंनी तिच्या आखूड हाताकडे पाहिलं. दंड झाला हे त्यांना बघताक्षणी कळलं होतं. त्यांनी तिला दोष दिला नाही, बोल लावला नाही. पदर तोंडाला लावून त्या म्हशीच्या कपाळावरून हात फिरवत बसल्या. "तू हाय म्हणली व्हतीस," एवढंच त्या एकदा म्हणाल्या, आणि तेही म्हशीकडे बघून.

ऊर्वी पळत घरी गेली. आबा अंघोळ करून देवासमोर बसले होते. तिने त्यांना दंडाला धरून उठवलं असतं, पण तिथे धरायला काही नव्हतं. तिने मनगट धरलं आणि चप्पल घाला म्हणाली.

नगरपरिषदेत घनवट नुकतेच टेबल पुसत होते. ऊर्वीने धापा टाकत विचारलं की जुन्या दंडांचं काय होतं. घनवटांनी तिला उत्तर द्यायला पाच मिनिटं घेतली, कारण त्यांना नियम तोंडपाठ असूनही ते पुस्तकातूनच वाचायचे. तीस वर्षांनी दंड माफ होतो. तो ज्याचा त्याला परत मिळतो.

"म्हणजे आबांचा दोन वर्षांपूर्वीच सुटला?"

"सुटला."

"मग दिला का नाही?"

"त्यांनी मागितला नाही," घनवट म्हणाले. "मागितल्याशिवाय देता येत नाही. अर्ज लागत नाही, कागद लागत नाही. इथे येऊन तोंडाने मागायचा, बस."

कोठारातल्या निम्म्या मांडण्यांचं तेच होतं, हे त्यांनी आपणहून सांगितलं. लोक मागायलाच येत नाहीत. जागा अडते.

ऊर्वी आबांकडे वळली. आबा दाराशी उभे होते, टोपी हातात घेऊन, जसे ते प्रत्येक कचेरीत उभे राहायचे. जन्मात त्यांनी कोणत्याही टेबलासमोर काही मागितलेलं नव्हतं. कारखान्यात बढती मागितली नव्हती. आईच्या आजारपणात दवाखान्यात खाट मागायला त्यांनी ऊर्वीला पुढे केलं होतं, आणि ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

"आबा, मागा."

"आता इतक्या वर्षांनी," आबा म्हणाले. "बरं दिसेल का ते?"

ऊर्वीने घड्याळाकडे पाहिलं. तिला ओरडायचं होतं. आदल्या दिवशी ती ओरडली होती आणि त्याने काही झालं नव्हतं. या वेळी तिने आवाज खाली आणला आणि सुंद्रीचं सांगितलं. रेडकाची मान कुठे वळली आहे ते सांगितलं, हात कुठे संपतो ते सांगितलं, आणि आपल्या बोटावर जीभ हलली ते सांगितलं. तुमच्यासाठी मागू नका, ती म्हणाली. तुम्हाला नकोय हे मला कळलंय. माझ्यासाठी मागा.

आबा टेबलाशी आले. घनवट अदबीने उठून उभे राहिले. आबांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली, घसा खाकरला. बाकावरचे लोक बघत होते.

"माझा दंड द्या," आबा म्हणाले.

आवाज अगदी बारीक निघाला, पण घनवटांना तेवढा पुरला. ते किल्ल्या घेऊन गेले आणि दोन्ही हातांवर आडवा धरून दंड घेऊन आले. आबांनी तो पाहिला. बत्तीस वर्षांनी पाहिला. त्यांनी बोट पुढे करून त्यावरची लाल माती पुसून पाहिली, आणि ते बोट तसंच, न धुता, चिमटीत दाबून धरलं.

वहीत एक रकाना होता, 'कोणास बसवावा'. घनवटांनी पेन उचलून आबांकडे पाहिलं.

"हिला," आबा म्हणाले.

असं आजवर झालं नव्हतं, पण न करावं असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. घनवटांनी 'कन्या' असं लिहिलं आणि ऊर्वीचा जोड सोडवून, घट्ट बांगडी चढवावी तसा बेताबेताने दंड तिच्या खांद्यात बसवला. कोपर खाली आलं, मनगट खाली आलं, तळहात मांडीच्याही खाली गेला. दंड तिच्या स्वतःच्या दंडापेक्षा चार बोटं लांब होता आणि इतका जड की ती उजवीकडे झुकली. घनवट म्हणाले की आता तुमच्याकडे रक्ताच्या नात्यातला उजवा आहे, तुमचं आव्हान लगेच ऐकता येईल. मॅडम बैठकीत आहेत, तासाभरात मोकळ्या होतील. थांबता का?

ऊर्वी तोवर दरवाज्याबाहेर होती. घनवटांनी तिच्या मागे ओरडायचं टाळलं आणि वहीत आव्हानासाठी शुक्रवार लिहून तो आबांना सांगितला.

गोठ्यात सुंद्री आता बसली होती. काकू तिला उठवायचा प्रयत्न करत होत्या. आबांनी आणि काकूंनी मिळून तिला उभी केली. ऊर्वीने मोजा चढवला तर तो दंडावर चढेना, फाटला. तिने तो टाकून दिला, हात साबणाने धुतला, तेल लावलं आणि आत घातला.

या वेळी हात संपला नाही. खुरं, घोटे, छाती, मग मान, आणि मानेच्या वळणावरून पुढे जाऊन जबडा. तिने बोटं जबड्यात अडकवली. इतक्यात कळ आली आणि सगळं आवळलं. असल्या कळेत तिचा स्वतःचा हात दर वेळी बधिर पडायचा. हा पडला नाही. तो तिथे आत, अंधारात, वाट बघत थांबला. तिने ओढायला सुरुवात केली.

"ओढू नको," आबा मागून म्हणाले.

ती थबकली. आबा म्हशीची शेपटी धरून उभे होते आणि तिच्याकडे न बघता तिच्या खांद्याकडे बघत होते.

"तो ओढून येत नाही. आधी दाब. मागं रेट, जागा कर. मग वळव."

हे तिला कॉलेजात शिकवलेलं होतं, याच क्रमाने. घाईत ती विसरली होती. आबांना ते कोणी कुठे शिकवलं हे विचारायची गरज नव्हती. तिने रेडकाच्या छातीला तळवा लावून ते मागे रेटलं. दंड फुगला. जागा झाली. तिने जबडा धरून मान वळवली आणि मान, कुलपात किल्ली फिरावी तशी, पुढे आली. त्यानंतर सुंद्रीने एकच कळ दिली आणि रेडकू गोठ्याच्या भुईवर आलं, निळसर, निपचित. काकूंनी त्याच्या नाकातली घाण काढली, गवताची काडी घातली. ते शिंकलं.

काकू रडायला लागल्या. मग रडता रडता त्यांनी ऊर्वीचा हात धरला, आणि तो दंड पाहून दचकल्या.

"ह्यो कुणाचा ग बया?"

"आबांचा," ऊर्वी म्हणाली.

काकूंनी आबांकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. एवढ्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी आबांकडे असं कधी पाहिलेलं नसावं. "आसं व्हय," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

ऊर्वी हौदापाशी हात धुवायला बसली. साबण लावायला तिला डावा हात पुरत नव्हता, म्हणून आबा येऊन तांब्याने पाणी घालायला लागले. पाणी घालता घालता ते दंडावरून अंगठा फिरवत होते, दाबून बघत होते.

"दुखतोय?"

"थरथरतोय," ऊर्वी म्हणाली. तो खरंच थरथरत होता, खांद्यापासून कोपरापर्यंत, त्याच्या आगेमागे काही नाही.

"सवय राहिली नाही त्याला." आबांनी आणखी एक तांब्या ओतला. "शुक्रवारी मी येतो. तुझ्या वतीने मीच थोपटीन."

"चालेल."

"पण असा नाही चालायचा. आत्ता थोपटला तर आवाज निघायचा नाही. उद्यापासून पंचवीस दंड मारायला लाग. एकदम पन्नासवर जाऊ नको."

"आबा, पण मारायचे कुणी? खांदा माझा आहे, दंड तुमचा आहे."

आबा तांब्या हौदाच्या कठड्यावर ठेवून विचार करायला लागले.

"तू मार," ते म्हणाले. "मी मोजतो."